मॅक्सिमा या बीजगणिती सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्स असलेले फंक्शन कसे लिहावे?

प्रश्न (दादर):
एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी हर्मिट बहुपदी हव्या आहेत, म्हणून मी पुढील व्याख्या लिहिली:
एच(एन, एक्स) := रॅटसिम्प((-१)^एन * एक्स्प(एक्स^२) * डिफ(एक्स्प(-एक्स^२), एक्स, एन))
एच(२, एक्स) विचारल्यावर ४एक्स² − २ हे बरोबर उत्तर येते, मात्र एच(२, ०.५) विचारताच डिफ (डेरिव्हेटिव्ह काढणारी आज्ञा) तक्रार करते. असे का व्हावे?

उत्तर (विलेपार्ले):
एक्सच्या जागी आधी ०.५ बसते आणि मग डिफला ०.५ च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह काढायला सांगितले जाते, ज्याला काही अर्थच नाही. उजवी बाजू तशीच ठेवून डावीकडे एच[एन](एक्स) असे लिहा. आता एच[२] मागितल्यावर एक्स हे चल असतानाच डेरिव्हेटिव्ह निघते आणि तयार झालेला लॅम्डा (निनावी फंक्शन) साठवला जातो. संख्या त्यानंतर बसते. एच[२](०.५) चे उत्तर −१ येईल, आणि एच[२](वाय+१) सुद्धा विनातक्रार चालेल.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, चालले. त्याच पद्धतीने तरंगफलासाठी डब्ल्यू[एन](एक्स) लिहिले असून त्यात अल्फा हा स्थिरांक आहे. अल्फा १ वरून २ केल्यावर आलेखात शून्य आणि एक या पातळ्यांच्या रेषा जुन्याच राहिल्या, पण दोनची रेषा, जी मी प्रथमच काढत होतो, ती नवीन अल्फाप्रमाणे आली.

उत्तर (विलेपार्ले):
हा साठवणीचाच परिणाम आहे. ज्या इंडेक्सचा लॅम्डा एकदा तयार झाला, त्यात त्या वेळचा अल्फा कायमचा मुरतो. किल(डब्ल्यू) ने जुने सारे पुसून व्याख्या पुन्हा द्यावी लागेल. त्यापेक्षा डब्ल्यू[एन, अल्फा](एक्स) असे लिहून अल्फालाच इंडेक्स करणे मला अधिक सोयीचे वाटते, कारण मग दोन्ही आलेख शेजारी शेजारी काढता येतात. जाता जाता, फंक्शनला साय (ψ, तरंगफलाचे नेहमीचे चिन्ह) हे नाव देण्याचा मोह टाळा: त्या नावाचे पॉलिगॅमा फंक्शन मॅक्सिमात आधीच आहे आणि तेही इंडेक्सनेच लिहिले जाते.

उत्तर (ठाणे):
मॅथेमॅटिका या दुसऱ्या गणिती सॉफ्टवेअरात एच[एन_][एक्स_] := ही व्याख्या दिसायला अशीच असली, तरी ती आपणहून काहीही साठवत नाही, त्यामुळे तिथे ०.५ दिल्यास मूळचीच अडचण पुन्हा उभी राहते.