शब्दकोड्यावरच्या रोजच्या कविता: हात चालता राहतो की हात बिघडतो?

पंचगंगाकाठी
आम्ही पाच जण एका शाळेतले. तिघं कोल्हापुरात, एक पुण्यात, एक हुबळीला. सकाळी ज्याच्या हातात पेपर आधी पडेल त्यानं शब्दकोड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि रात्री झोपायच्या आत प्रत्येकानं त्या दिवशीच्या उत्तरांतले दोन-तीन शब्द घेऊन चार ओळी लिहायच्या. २०१८ पासून हे चाललंय. मागच्या आठवड्यात चाहूल, गुऱ्हाळ आणि सराव असे शब्द निघाले. माझ्या ओळी अशा झाल्या:

थंडीची चाहूल, पेटले गुऱ्हाळ
सुटलीया लाळ पहाटेच
काकवी चाटाया कशाला सराव
बोटालाच ठाव गोडी तिची

परवा रंकाळ्यावर बसलो होतो. आमच्यातलाच एक जण, जो एरवीही मन लावून कविता लिहितो, म्हणाला, "हे आता थांबवूया. लिहायला बसलो की आधी यमक सुचतंय, अर्थ मागनं येतोय. माझा हात बिघडला." मला ते फार लागलं. घरी येऊन जेवणही गेलं नाही नीट.

माझा अनुभव अगदी उलटा आहे. दिवसभर ऑफिसात मी तेच ते शब्द वापरतो. बिल, सही, उद्या या. कोडं माझ्यासमोर असा शब्द ठेवतं की जो मी वर्षभर उच्चारला नसता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आमचा एक मित्र नागाळा पार्कात वरच्या मजल्यावर अडकला होता. पेपर येणं बंद. हुबळीवाल्यानं रद्दीतलं एक जुनं कोडं शोधून फोटो टाकला. त्यात एक उत्तर होतं 'ओसरी'. अंधारात, फोनची शेवटची बॅटरी राखत, त्या मित्रानं एवढंच पाठवलं:

पाणी ओसरेना, ओसरी बुडाली
कोड्यात मिळाली कोरडीशी

त्या रात्री आम्ही चौघंही जागे होतो. तर ही सवय मोडावी का? तुमचं मत स्पष्ट सांगा, मला खरंच ऐकायचंय.

रेघ
तुमच्या मित्राचं बरोबर आहे. थांबवा.

कविता आतनं येते. तुम्ही शब्द बाहेरनं आणता आणि त्याच्याभोवती अर्थ गुंडाळता. गुऱ्हाळ आलं म्हणून लाळ आली, सराव आला म्हणून ठाव आला. ह्यात तुम्हाला काय वाटलं ते कुठाय? रोज असं केलं की कानाला पहिलं सापडेल ते यमक गोड लागायला लागतं. मी स्वतः चार वर्षं वात्रटिका लिहिल्या आणि त्यानंतर आईवर आठ ओळी लिहायला बसले तर प्रत्येक ओळ टाळी मागत होती. ती सवय जायला खूप दिवस गेले. तुमचा मित्र नेमकं हेच सांगतोय.

आणि एक विचारते. तुमच्या पाच जणांत आजवर कुणी "ही ओळ पडली" असं म्हटलंय? की सगळे रोज टाळ्यांचे अंगठ्यांचे शिक्केच टाकतात?

मराठीच्या बाई (निवृत्त)
रेघताई, 'बाहेरनं आलेला शब्द' एवढ्यावर खेळ बाद करू नका. आपल्या बायकांनी उखाण्यात काय केलं? नाव ठरलेलं, ते बदलायचं नाही, आणि त्याच्याभोवती ओळ बांधायची. शाहिरीतल्या कलगी-तुऱ्याच्या झगड्यात समोरच्यानं टाकलेल्या कोड्याला फडावर उभं राहून पद्यातच उत्तर द्यावं लागायचं. समस्यापूर्तीत तर एक चरण दुसराच देतो, बाकीचे आपण जुळवायचे.

आणि ह्याच जिल्ह्यातला दाखला देते. मोरोपंत पन्हाळ्याचे, जन्म १७२९. त्यांनी निरोष्ठ रामायण रचलं, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठ मिटवणारी अक्षरंच घ्यायची नाहीत. मग रामाला 'राम' म्हणता येत नाही! दाशरथी म्हणा, राघव म्हणा, वाट काढा. मी वर्गात मुलांना म्हणायची, म न वापरता आईवर दोन ओळी लिहा. पहिली दहा मिनिटं सगळे गप्प. मग जे शब्द यायचे ते मुलांनी कधी वापरलेले नसायचे. बंधन घातलं की मन जुन्या वाटेनं जाऊ शकत नाही, एवढी साधी गोष्ट आहे ही.

रेघ
बाई, मोरोपंतांबद्दल आदर आहे. पण त्यांनी शंभरावर रामायणं रचली, त्यातली किती लोकांच्या ओठांवर राहिली? पाठ राहिली ती केकावली. तिथे देवाला हाक मारायची होती, अक्षरं टाळायची नव्हती. तुमचाच दाखला माझ्या बाजूनं बोलतो.

पंचगंगाकाठी, तुमच्या पुराच्या दोन ओळी मात्र कविता आहेत. मी त्या तीनदा वाचल्या. 'ओसरी' शब्द कोड्यानं दिला, पण लिहायची गरज पुरानं दिली. गुऱ्हाळाच्या ओळींत तशी गरज नाही. मी जो फरक म्हणते तो हाच.

सहा_चौकटी
मला वेगळीच तक्रार मांडायचीय. कविता आहे की नाही ते मोठ्यांनी ठरवा, पण उत्तर का फोडता? मी सकाळी क्लासला जाते, कोडं संध्याकाळी सोडवते. आमच्याही घरच्या ग्रुपवर हेच चालतं. दुपारी मामाची चारोळी येते आणि तीन शब्द उघडे पडतात. सगळी मजा जाते.

मराठी कोड्यात हे जास्त टोचतं. एका चौकटीत अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा, जोडाक्षर सगळ्यासकट. तीन चौकटींच्या शब्दात मधला 'ऱ्हा' कळला की कुऱ्हाड, वऱ्हाड, गुऱ्हाळ असे मोजकेच उरतात. तुम्ही तर शब्दच सांगून मोकळे होता.

वर्डल बघा. जोश वॉर्डल नावाच्या माणसानं ऑक्टोबर २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, जानेवारी २०२२ ला न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतलं. पाच अक्षरी एक इंग्रजी शब्द, सहा संधी, त्या दिवशी सगळ्यांना तोच. ते इतकं पसरलं त्यात एका गोष्टीचा मोठा हात आहे. निकाल म्हणून फक्त रंगीत चौकोन पाठवता येतात, अक्षर एकही दिसत नाही. कवितेतही तसं करा की. शब्द लपवा, हुमाण घाला, म्हणजे ओळखा पाहू असं कोडं. मी केलेलं देते:

आत नाही, बाहेर नाही, मधेच पडून राहतो
येणाऱ्याच्या आधी त्याची चप्पल मीच पाहतो

आठवी गल्ली
उंबरा! लई भारी. चपलेची ओळ तर लाखात एक. आजी उंबऱ्यावर बसू द्यायची नाही ते आठवलं.

रेघताईंना एवढंच सांगतो, प्रत्येकाला मोठं कवी व्हायचं नसतंय. माझा मित्र रात्रपाळीला असतो. त्याच्या चार ओळी आल्या की कळतं, बरा आहे. आल्या नाहीत की मी फोन लावतो. मला ह्यासाठीच ते चालू राहायला पाहिजे.

रेघ
ते मला मान्य आहे, आणि ते मोलाचं आहे. पण मग त्याला ख्यालीखुशाली म्हणा. कवितेचं नाव कशाला?

गुळव्या
मी कवितेतला माणूस न्हाई. आमचं गुऱ्हाळ हाय, वडिलांपासनं काहिलीवर, म्हंजे रस उकळायच्या मोठ्या कढईवर, उभा हाय. वरच्या ओळी वाचल्या, एक बोलल्याशिवाय राहवत न्हाई.

गुऱ्हाळ पेटत न्हाई भावा. पेटतं ते चुलवाण, काहिलीखालची मोठी चूल. गुऱ्हाळ सुरू होतं, चालतं. आवारात सगळीकडं वाळलेल्या चिपाडाचे ढीग असतात, तेच जळण. एक ठिणगी उडाली तर सगळं जातं. "गुऱ्हाळ पेटलं" हे शब्द आमच्याकडं रात्री ओरडत येतात, आणि ज्याच्या कानावर पडतात तो घागर घेऊन पळत सुटतो. सकाळी चहा घेताना ही ओळ वाचली आणि पोटात गोळा आला. बाकी लाळेचं म्हणाल तर खरं हाय, रस्त्यानं जाणारा माणूस वासानं थांबतोच.

रेघ
बघा. पाच जणांनी ही ओळ वाचली, पाचांनीही अंगठे दिले असतील, आणि कुणालाही 'पेटले' खटकलं नाही. छंदाची सहा अक्षरं भरली, काम झालं. कविता लिहिणारा माणूस आधी गुऱ्हाळावर जाऊन उभा राहिला असता.

पंचगंगाकाठी
गुळव्या, मनापासून आभार. शब्द चुकला, आणि नुसता चुकला नाही, तुमच्या भीतीचा शब्द मी थंडीच्या मजेत वापरला. रेघताई, तुमचा आरोपही खरा आहे. ग्रुपवर चारही अंगठे आले होते, मी आत्ता वर जाऊन पाहिलं. आम्ही एकमेकांची ओळ कधीच पाडत नाही. आजपासून पाडायची, असं मी सकाळीच लिहून टाकतो. सहा_चौकटीचा नियमही घेतो: रात्री नऊच्या आत शब्द उघडा करायचा नाही, दिवसा पाठवायचं असेल तर हुमाणच.

पण थांबवायचं नाही, ह्यावर मी ठाम आहे. पुराच्या ओळींना गरज पुरानं दिली हे कबूल. तरी तो मित्र त्याआधी वर्षभर रोज रात्री अक्षरं मोजत होता. बोटं मोडून सहा, सहा, सहा, चार. पाण्यात अडकलेल्या माणसाला त्या रात्री अभंगाचा छंद शिकायला वेळ नव्हता. तो हातात होता म्हणून ओसरी आणि ओसरेना शेजारी आले. रंकाळ्यावर हात बिघडला म्हणणारा मित्र तोच, हे वर लिहायला मला धीर झाला नव्हता. उद्या त्याच्या घरी जाऊन हा सगळा धागा त्याला वाचून दाखवणार आहे. तो नाही म्हणाला तर चौघं लिहू, त्याची जागा ठेवू.

ओळ बदलली आहे: 'थंडीची चाहूल, चालले गुऱ्हाळ'. चालेल का गुळव्या?

रेघ
माझं मत बदललेलं नाही. पण त्या मित्राला माझा निरोप सांगा, त्याच्या दोन ओळी मी वहीत उतरवून घेतल्या आहेत.

गुळव्या
'चालले' बराबर. पर खाली अजून एक हाय. काहिलीतली काकवी उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापलेली असती आणि ती कातड्याला चिकटून बसती. बोट घालायचं न्हाई. ताटलीत काढायची, वारं लागू द्यायचं, मग चाटायची. लहान पोरं वाचत असतील तर ते ओळीत कुठंतरी घाला. आणि पाचही जण या एकदा, डिसेंबरात पहाटे पाचला पहिली काहील उतरती.