सकाळी गाडी सेल्फ घेते, पण सुरू व्हायला फार वेळ लावते

निफाडकर:

माझ्याकडे २०१५ सालची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. तीन वर्षांपूर्वी तिला सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले असून (गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि थोड्या वेळाने गॅसवर जाते) रोज निफाडहून नाशिकला ये-जा होते. दिवाळीपासून एक त्रास सुरू झाला आहे. सकाळी चावी फिरवल्यावर स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पाच-सहा सेकंदांचे दोन प्रयत्न वाया जातात आणि तिसऱ्या वेळी इंजिन थोडे गचके खात सुरू होते. पुढे गाडी गॅसवर गेली की दिवसभर कसलीही तक्रार नसते. वाटेत दहा मिनिटे थांबून पुन्हा निघालो, तर अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते.

आमच्याकडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यामुळे गॅरेजवाल्यांनी थंडीचा दोष मानून आधी बॅटरी बदलली, मग चारही प्लग बदलले. खर्च झाला, फरक शून्य. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागलेला नाही. आता इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) काढून साफ करू या, असे ते म्हणत आहेत. त्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

जुनागिअर:

इंजेक्टरला आत्ताच हात लावू देऊ नका. तुमच्या वर्णनात एक माहिती राहिली आहे आणि सगळे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. नाशिकला गाडी पाच-सहा तास उन्हात उभी राहते, तेव्हा दुपारी ती कशी सुरू होते? दुपारीही असाच त्रास होत असेल, तर थंडीचा संबंध संपला आणि प्रश्न गाडी किती वेळ उभी होती एवढाच उरला. त्रास फक्त पहाटेच होत असेल, तर इंजिनाच्या पाण्याचे तापमान मोजणारा सेन्सर संशयित ठरतो. तो बिघडून इंजिन गरम असल्याचे कळवत राहिला, तर संगणक थंड इंजिनाला लागणारे जास्तीचे पेट्रोल देत नाही. ही तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी सुरू करण्यापूर्वी ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातील माहिती वाचणारे यंत्र, लावावा; पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखेच दिसले पाहिजे. एक आठ अंश आणि दुसरे चाळीस अंश दिसले, तर चोर तिथेच आहे.

दुसरा प्रयोग बिनखर्चाचा आहे. सकाळी चावी फक्त ‘ऑन’पर्यंत न्यावी, सेल्फ मारू नये. मागच्या सीटखालून पेट्रोलच्या पंपाची दोन-तीन सेकंद घरघर ऐकू येईल. ती थांबली की चावी बंद करावी, असे तीन वेळा करावे आणि चौथ्या वेळी सेल्फ मारावा. गाडी ताबडतोब सुरू झाली, तर रात्रभरात नळीतला पेट्रोलचा दाब उतरत आहे, असे समजावे.

राहिली निफाडच्या थंडीची गोष्ट. इंजेक्शनची गाडी काश्मीरमध्येही सकाळी सुरू होते, तिला आपल्या सात-आठ अंशांचे काय!

तारजोड:

बॅटरी बदलण्यापूर्वी कोणी मीटर लावला होता का? रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो आणि सेल्फ मारताना तो साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेला, तर बॅटरी, तिची टोके किंवा इंजिनाची अर्थिंगची पट्टी पाहावी. स्टार्टर जोमाने फिरतो असे आपण स्वतःच लिहिले आहे, तेव्हा बॅटरीवर संशय घेण्याचे कारणच नव्हते. शिवाय एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, नाहीतर स्टार्टरचाही खर्च निघेल.

निफाडकर:

सुचवलेले सर्व करून पाहिले. सेल्फ मारताना १०.४ व्होल्ट मिळाले. सकाळी सुरू करण्यापूर्वी पाणी ९ आणि हवा १० अंश दाखवत होती, म्हणजे सेन्सर निर्दोष दिसतो. नाशिकला दुपारी चारला गाडी काढली, तेव्हाही सकाळसारखाच त्रास झाला. आजवर मी सकाळच्याच त्रासाकडे पाहत असल्यामुळे हे लक्षातच आले नव्हते. आणि चावी तीन वेळा ऑन केल्यावर आज गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. शेजारच्यांना वाटले, मी काही मंत्र म्हणतो आहे.

पानापक्कड:

मग निदान जवळजवळ झाले आहे. आता दाब कुठून उतरतो, एवढेच शोधायचे. इंजेक्टरच्या रेलला, म्हणजे त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीला, प्रेशर गेज (दाब मोजणारा काटा) लावून घ्या. अशा बहुतेक गाड्यांत तिथे तीन ते चार बारच्या दरम्यान दाब असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. पंप बंद झाल्यावर तो थोडा उतरून टिकला पाहिजे. काही मिनिटांत काटा शून्याकडे आला, तर पेट्रोल टाकीकडे परत जात आहे किंवा एखाद्या इंजेक्टरमधून सिलिंडरमध्ये ठिबकत आहे. पुरवठ्याच्या नळीचा रबरी भाग हाताशी असेल, तर पंप बंद होताच तो मऊ पक्कडीने दाबून धरावा. काटा स्थिर राहिला, तर दोष पंपाच्या बाजूचा, म्हणजे बहुधा पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या त्याच्या एकमार्गी व्हॉल्व्हचा. तरीही काटा उतरला, तर इंजेक्टर गळतो आहे. तेव्हा सकाळी एखादा प्लग ओला निघतो आणि सुरू होताना सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो. प्लास्टिकची नळी मात्र दाबू नये, तिला तडा जातो. हे काम थंड इंजिनावर, मोकळ्या जागेत आणि अग्निशामक जवळ ठेवूनच करावे.

आपण टाकीत किती पेट्रोल ठेवता? सीएनजीवाल्यांपैकी पुष्कळजण शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून महिनोन्‌महिने काढतात. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड होतो आणि काही किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो फिरत राहतो. तुमचा तसाच असावा, नाहीतर गॅसवर चालतानाच नळीतला दाब उतरून दहा मिनिटांच्या थांब्यानंतरही गाडीने त्रास दिला असता. तळाला चार थेंब असताना रोज ऐंशी किलोमीटर पंप कोरडा घासला, तर तो किती टिकणार? शिवाय हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ओल धरण्याचा गुण आहे, ते फार दिवस टाकीत साठवू नये.

निफाडकर:

आपण अचूक ताडलेत. टाकी कायम राखीवच्या खुणेवर असे. काल गॅरेजमध्ये गेज लावला. काटा तीनवरून दहा मिनिटांत शून्यावर आला आणि नळी दाबून धरल्यावर जागचा हलला नाही. मागची सीट उचलून पंप बाहेर काढला, तेव्हा त्याची जाळी इतकी काळी पडली होती की आतली वीण दिसत नव्हती. मेकॅनिकने पंपाच्या नळीत तोंडाने फुंकून पाहिले; हवा बिनदिक्कत उलट्या दिशेनेही जात होती. पंप आणि जाळी दोन्ही बदलली, टाकीतला गाळ उपसला आणि आठ लिटर ताजे पेट्रोल भरले. आज पहाटे सहाला, बाहेर दहा अंश असताना, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

जुनी बॅटरी मात्र बदल्यात देऊन बसलो आहे.

तारजोड:

ती आता दुसऱ्या कोणाच्या गाडीत मजेत चालत असेल. नव्या बॅटरीचे वॉरंटी कार्ड तेवढे जपून ठेवा.