एक्सएलडीवर काळे ठिपके, काहींचा पीसीआर मात्र कोरा. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय, एमएस्सी मायक्रोचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट म्हणजे दुकानातल्या चिकनमध्ये सॅल्मोनेला हा पोट बिघडवणारा बॅक्टेरिया शोधायचा आणि सापडला तर त्याचं टायपिंग, म्हणजे नेमका कोणता स्ट्रेन ते बघायचं. भद्रकाली, सिडको, नाशिकरोड सगळीकडे फिरले, 25 ग्रॅम मागितलं की दुकानदाराला वाटतं ही महापालिकेची, म्हणून पाव किलो घ्यायचं आणि उरलेलं मैत्रिणीला, कारण आमची आई फ्रिजमध्ये अंडंसुद्धा ठेवू देत नाही.

25 ग्रॅम मांस 225 मिली पेप्टोन वॉटरमध्ये 37 डिग्रीला 18 तास, मग आरव्ही ब्रॉथ (सॅल्मोनेला वाढवणारा) 41.5 ला 24 तास, मग एक्सएलडी, म्हणजे सॅल्मोनेला रंगावरून ओळखायची अगार प्लेट. लाल कॉलनी, मध्ये काळा ठिपका, अशा 14 मिळाल्या, मी तर नाचलेच. पण पीसीआर केला तर इन्व्ह-ए या सॅल्मोनेलाच्या खास जीनचा 284 बेसपेअरचा बँड फक्त 9 मध्ये. कंट्रोल दोन्ही बरोबर. डीएनए उकळून काढलेला. मग हे 5 काय, डीएनए खराब की सॅल्मोनेलाच नाही? शिवाय 9 पैकी 3 वेगवेगळ्या दुकानांचे असून ईआरआयसी पॅटर्न (टायपिंगसाठीच्या पीसीआरमधला बँडचा ठसा) सेम दिसतोय, म्हणजे माल एकाच ठिकाणचा ना?

प्रतिसाद १: ताई, डीएनएवर शंका असेल तर त्याच टेम्प्लेटवर, म्हणजे काढलेल्या डीएनएवर, 16एस (सगळ्या बॅक्टेरियात असणारा जीन) लाव, बँड आला तर डीएनए ठीक. पण आधी सांग, प्लेट किती तासांनी बघितलीस?

धागाकर्ती: शनिवारी लावली, रविवारी लॅब बंद, सोमवारी बघितली... अरे देवा.

प्रतिसाद १: हेच ते! सिट्रोबॅक्टर, प्रोटियस या दुसऱ्या बॅक्टेरियांच्या कॉलनी 24 तासांना पिवळ्या असतात, जास्त ठेवल्या की लाल व्हायला लागतात. युरिएज टेस्ट लाव, प्रोटियस काही तासांत माध्यम गुलाबी करतो, सॅल्मोनेला करत नाही. आणि कॉलनी न्यूट्रियंट अगारवर शुद्ध करून घे, एक्सएलडीवरून सरळ उचलू नकोस, खाली दुसरं काहीतरी दबून बसलेलं असतं.

प्रतिसाद २: ईआरआयसीवरून 'एकाच ठिकाणचा माल' असं लिहू नका, परीक्षक सोलून काढतील. तिन्ही एकाच रनमध्ये, एकाच जेलवर शेजारी लावा, हे रनागणिक बदलतं. एक्सबीए-1 एन्झाइमची पीएफजीई किंवा 7 जीन्सची एमएलएसटी (दोन्ही टायपिंगच्या जास्त नेमक्या पद्धती) जमली तर बरं, पैसे असतील तर होल जीनोम.

धागाकर्ती: पैसे कुठले! पण युरिएज लावलं, 5 पैकी 4 गुलाबी. उरलेल्या एकाचं 16एस लावते. आणि सर, शनिवारी प्लेट लावणं बंद.