जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घ्यायचीय: सफारी की थार?

हरसूलवाट:
मंडळी, त्र्यंबकच्या पुढे थोडी शेती आहे. पावसाळ्यात शेवटचे दोन किलोमीटर नुसता चिखल. शिवाय महिन्यातून दोनदा कसारा घाट. एक 2012 ची सफारी डायकोर (डिझेल इंजिनवाली) पाहिलीय, एक 2014 ची थार. जीव थारवर जडलाय, पण घरून हुकूम आहे, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग हव्यातच. पार्ट मिळतात का?

टू_एच_काका:
घरच्यांचं ऐका. त्या थारला दोन्ही नाही. एबीएस आलं ते थेट 2019 ला, नियमाच्या रेट्याने. बाहेरून बसवून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. चाकांचे सेन्सर, दातेरी रिंगा, ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा मॉड्युलेटर आणि त्याच गाडीसाठी बसवलेलं गणित, एवढं सगळं असतं ते. सफारीतही सगळ्या मॉडेलांना नव्हतं, वरचं मॉडेल आहे का बघा. आणि 2027 ला तिची पंधरा वर्षं भरतील, पासिंगचा खर्च भावात धरा.

जिप्सीवेडा:
मारुतीची जिप्सी घ्या की! एमपीएफआयचं (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरचं) पेट्रोल इंजिन मारुती एस्टीमच्याच घरातलं.

टू_एच_काका:
भाऊ, त्यांना एबीएस हवंय.

अंबडकर:
सफारीचं 2.2 इंजिन सुमो ग्रँडे, झेनॉन, आरियातही होतं, त्यामुळे इंजिनाच्या सामानाची चिंता नको. फोर बाय फोरचं सामान मात्र पार्ट नंबर जुळल्याशिवाय उचलू नका. 'तेच बसतं हो' वर मी एकदा फसलोय.
बघायला जाल तेव्हा चावी फिरवा, इंजिन सुरू न करता. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे आधी लागले पाहिजेत, मग विझले पाहिजेत. एअरबॅगच्या जागी रेझिस्टर घालून दिवा फसवणारेही आहेत, म्हणून गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावाच.
एबीएसचा दिवा लागून राहिला तरी घाबरू नका. माझ्या गाडीला एका वर्कशॉपने अख्खं मॉड्युल बदलायला सांगितलं होतं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने पुढचं डावं चाक काढलं, तर सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस मिशीसारखा चिकटलेला. फडक्याने पुसला, दिवा गेला. त्याने फक्त चहा घेतला.

टू_एच_काका:
आणि सुट्या खडीवर एबीएसने गाडी उलट लांब जाऊन थांबते, शेताच्या उतारावर वेग आधीच कमी ठेवा. डांबरी लागली की टू-एच, म्हणजे दोनच चाकांना ताकद.

हरसूलवाट:
आज सफारी पाहून आलो. चावी फिरवली, एबीएसचा दिवा लागलाच नाही. मालक म्हणाला, "बघा साहेब, एकही दिवा नाही, एकदम ओके गाडी." दुसरी कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा.