‘चिवट’ सिरॅमिक म्हणावं का?

सिरॅमिक कंपोझिटवरचा, म्हणजे आत धागे घालून केलेल्या सिरॅमिकवरचा, एक अनुवादित लेख तपासते आहे. ‘टफनेस’ला एकदा ‘कठीणपणा’ लिहिलंय, पुढे ‘मजबुती’. दोन्ही खटकतात. ‘चिवटपणा’ सुचतो, पण चिवट म्हटलं की शिळी पोळी डोळ्यांपुढे येते, ओढली तरी तुटत नाही ती. सिरॅमिक तर ताणलं जातच नाही.

—

कठीणपणा नकोच. काच कठीण असते, चाकूने सहज ओरखडा उठत नाही. पण उकळता चहा ओतला की ग्लास तडकतो. कठीण म्हणजे ओरखड्याला दाद न देणारं, मजबूत म्हणजे जास्त भार पेलणारं. तुम्हाला हवा तो गुण तिसराच: गेलेला तडा पुढे धावू न देणं.

सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकच्या धाग्यांभोवती सिलिकॉन कार्बाइडच भरून केलेलं कंपोझिट घ्या. धागे ठिसूळ, भरणही ठिसूळ. पण धाग्यांवर बोरॉन नायट्राइडचा पातळ, कमकुवत लेप असतो. भरणातून आलेला तडा त्या लेपाशी वळतो आणि धाग्याच्या कडेने जातो. शाबूत धागे तड्याचे दोन्ही काठ धरून ठेवतात. पुढे धागे तुटले तरी त्यांची टोकं घासत बाहेर येतात, ऊर्जा तिथे खर्च होते. लेप न देता धागे भरणाला घट्ट चिकटवले, तर तडा धाग्यांसकट आरपार! 2016 पासून प्रवासी विमानांत उडणाऱ्या लीप इंजिनात टर्बाइनच्या पात्यांभोवतीचं कडं याच पदार्थाचं आहे.

—

‘चिवट’च लिहा. पोळीचा चिवटपणा एक, आणि दुखण्यातून पुन्हा पुन्हा उठणाऱ्या माणसाचा दुसरा. तो माणूस ताणला जात नाही, आतून मोडूनही उभा राहतो. इथे तोच अर्थ आहे. आमच्या जुन्या घराच्या भिंतींच्या चिखलात भुसा कालवलेला होता. भेगा पडायच्या, पण पोपडा गळून पडत नसे. आजी म्हणायची, ‘भुसा माती धरून ठेवतो.’

एक विनंती: लेखात ‘भेग’ही दिसली तर बदला. भेग टाचेला पडते, वाळत्या जमिनीला पडते, सावकाश. सिरॅमिकला तडा जातो.

—

‘भेग’ सात ठिकाणी सापडली, बदलली. ‘चिवटपणा’ ठेवते, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे तडा अडवण्याची ताकद’ असं जोडते. लेपाच्या परिच्छेदात ‘पक्की पकड हेच बळ’ असं वाक्य होतं, ते मात्र काढूनच टाकलं.