मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन मोटरहोमने फ्रान्स, लुआर की दक्षिण?

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. सप्टेंबरमध्ये सांगलीहून आई-बाबा येताहेत आणि त्यांना घेऊन दोन आठवडे मोटरहोमने फ्रान्स फिरायचा बेत आहे. हॉटेलं नकोत, कारण रोज नवी खोली आणि बाहेरचं जेवण आईला झेपत नाही. हाताशी ओटा असला की ती कुठेही खूश. ते दोघं, आम्ही दोघं आणि लेक, असे पाच जण. गाडी नवरा चालवेल, त्याच्याकडे जर्मन लायसन्स आहे.

घोडं अडलंय मार्गावर. मला लुआरच्या खोऱ्यातले राजवाडे बघायचेत. शांबोरचा तो दुहेरी जिना, ज्यात चढणारा आणि उतरणारा एकमेकांना दिसतात पण आमनेसामने येत नाहीत, आणि शेर नदीवर पुलासारखा बांधलेला शनोन्सो. लेकीने फोटो बघून मों-सँ-मिशेलचा हट्ट धरलाय. बाबांची मागणी एकच, मार्सेय. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून जिथे उडी टाकली ते बंदर बघायचं. बाकी न्याल तिथे येतो म्हणतात. पण नकाशा उघडला की एक ठिकाण वायव्येला, एक मध्यात, एक पार खाली.

शिवाय रात्री गाडी कुठे लावायची? कुठेही लावली तर चालते असं एक जण सांगतो, दुसरा म्हणतो पोलीस उठवतात. टॉयलेट रिकामं करायची सोय कुठे असते? आणि प्रवासात आईला मागच्या पलंगावर आडवं होता येईल का? तिची कंबर धरते.

जाणकारांनी सांगा. "विमानाने जा" हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो सोडून.

प्रतिसाद १

आईंचं आधी. चालत्या गाडीत पलंगावर झोपायचं नाही. पट्टा असलेल्या सीटा जितक्या, तितकीच माणसं. इथेच तुमची गाडी ठरते. खूपशा बुटक्या मोटरहोममध्ये पट्ट्याच्या चारच सीटा असतात. पाच जणांना बहुधा ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, अल्कोव्हनवाली गाडी लागेल. तो वरचा पलंग शिडीचा आहे, तिथे तुम्ही किंवा लेक. आई-बाबांना मागचा खालचा पलंग असलेलाच आराखडा मागा.

आता गंमत अशी की या गाड्यांची उंची बहुतेक वेळा ३ मीटरच्या वर जाते. फ्रान्सच्या टोलनाक्यावर २ ते ३ मीटर उंचीची, साडेतीन टनांपर्यंतची गाडी दुसऱ्या वर्गात धरतात. ३ मीटर ओलांडले की तिसरा वर्ग, म्हणजे जास्त टोल. भाड्याने घेताना कागदावरची उंची बघा आणि ती चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगपाशी चिकटवा, कारण बऱ्याच पार्किंगच्या तोंडाशी दोन मीटरच्या आसपास आडवा लोखंडी दांडा असतो.

वजनाचंही बघा. बी वर्गाच्या लायसन्सवर ३५०० किलो ही मर्यादा, आणि ती भरलेल्या गाडीची. पाच माणसं, शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, वर सांगलीहून आलेली पिठं नि चटण्या. पाण्याची टाकी अर्धीच भरून निघा, वाटेत हवी तेव्हा भरता येते.

प्रतिसाद २

रात्रीचं सांगतो. दोघांचंही बरोबर आहे. जिथे पार्किंगला परवानगी आहे तिथे गाडीत झोपणं चालतं, पण बाहेर खुर्च्या मांडल्या, छत ओढलं की ते कॅम्पिंग झालं. गावाच्या मेअरने मनाईचा फलक लावला असेल तर तोही विषय संपला. हायवेवरच्या थांब्यांवर मात्र झोपू नका, चोऱ्या होतात.

फ्रान्समध्ये गावोगावी मोटरहोमसाठी 'एर' म्हणजे खास थांबे असतात. काही फुकट, काही थोड्या पैशांत. पाणी भरा, सांडपाणी सोडा, टॉयलेटची कॅसेट रिकामी करा. कॅसेट म्हणजे खाली चाकं असलेली पेटी, बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची. हे काम जावयाचं, बाबांना पुढे होऊ देऊ नका.

याहून छान म्हणजे फ्रान्स पासियों ही योजना. वर्षाची वर्गणी भरली की शेतकरी, द्राक्षमळेवाले, चीजवाले आपल्या आवारात २४ तास गाडी लावू देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. खरेदीची सक्ती नाही. फक्त पोचल्यावर भेटून नमस्कार-चमत्कार करायचा, आणि गाडीत स्वतःचं टॉयलेट हवं. तुमच्या आईबाबांना राजवाड्यापेक्षा हेच जास्त आवडेल, लिहून ठेवा.

प्रतिसाद ३

लुआर आणि मों-सँ-मिशेल या खेपेला सोडा. तुम्ही दोघं तिकडे कधीही जाल, बाबा पुन्हा येतीलच असं नाही. मुलूझवरून बरगंडीत उतरा. तिथल्या बोन गावात १४४३ मध्ये स्थापन झालेलं गोरगरिबांचं इस्पितळ आहे, त्याची रंगीत कौलं लेकीला किल्ल्याइतकीच भुरळ पाडतील. मग रोन नदीच्या काठाने खाली पाँ दु गार, म्हणजे रोमनांच्या कालव्याचा पूल, आणि पुढे आर्ल गाव.

मार्सेयमध्ये ही गाडी घालू नका. आर्लला ठेवून रेल्वेने जा, साधारण तासाभराचा रस्ता. सँ-शार्ल स्टेशनच्या त्या १०४ पायऱ्या टाळून आतूनच मेट्रो धरा आणि जोलिएतला उतरा. सगळे व्ह्यू-पोरला, म्हणजे जुन्या बंदरात, फोटो काढतात, पण त्या काळी मोठ्या आगबोटी उत्तरेच्या जोलिएतकडच्या नव्या बंदरात लागत. तिथून म्युसेम संग्रहालयाच्या गच्चीवर जा. गच्चीला तिकीट नाही, आणि समुद्र, बंदर सगळं एका नजरेत. वेळ उरला तर माझार्गची युद्धस्मशानभूमी. १९१४ मध्ये हिंदी पलटणी मार्सेयलाच उतरल्या होत्या, त्यातल्या अनेकांच्या आठवणी तिथे आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दक्षिण नक्की केली. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, कृष्णा कालव्यावर आयुष्य गेलं. पाँ दु गारबद्दल वाचून दाखवलं की रोमनांचा तो कालवा जवळजवळ ५० किलोमीटरचा आणि एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर, तर म्हणाले, "लेव्हल कशाने घेतली असेल?" आता मार्सेयइतकंच तेही हवंय. लेकीला मों-सँ-मिशेलचं आश्वासन दिलंय, तिने ते लेखी घेतलंय.

शेवटचं एक. आर्लला गाडी दिवसभर सोडून जायचं तर एर बरा की कॅम्पसाइट?

प्रतिसाद ३

कॅम्पसाइट. आधी बुक करा आणि शनिवारी सकाळी पोचू नका. त्या दिवशी आर्लचा मोठा बाजार बुलव्हारवर, म्हणजे रुंद हमरस्त्यावरच भरतो, गाडी अडकेल. एक दिवस आधी जा आणि बाजाराला आईंना पिशवी देऊन चालत पाठवा.

जर्मनीची हिरवी प्लाकेट, म्हणजे काचेवरचं प्रदूषणाचं स्टिकर, फ्रान्समध्ये चालत नाही. गाडीच्या मालकाकडून क्रितेअर या फ्रान्सच्या स्टिकरचं विचारून घ्या, नसेल तर वेळेत मागवायला सांगा.