जुने डॉस प्रोग्रॅम आणि लांब फाइलनावे

डॉस या विंडोजपूर्वीच्या संगणकप्रणालीसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रॅमना आठ अक्षरांचे नाव आणि टिंबानंतर तीन अक्षरांचा विस्तार एवढेच फाइलनाव कळते. म्हणून अशा प्रोग्रॅमसाठी सर्व फाइलींची नावे तेवढ्यातच बसवावीत असे एका सदस्यांनी सुचवले आहे. पण तेवढा खटाटोप सहसा करावा लागत नाही. विंडोज ९५ पासून ‘ॲन्युअल रिपोर्ट.टीएक्सटी’ अशा फाइलीला ‘ॲन्युअल~१.टीएक्सटी’ हे आखूड नावही मिळते, आणि ते फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘डिर /एक्स’ या आज्ञेने पाहता येते. मात्र त्या ड्राइव्हवर आखूड नावे तयार करणे बंद केलेले नसावे.

खरी मेख फाइल साठवताना आहे. अनेक जुने एडिटर मूळ फाइल पुसून त्याच आखूड नावाने नवी लिहितात, त्यामुळे लांब नाव जायला हवे. तरीही ते बहुधा टिकते, कारण विंडोज पुसलेले नाव साधारण १५ सेकंद लक्षात ठेवून नव्या फाइलीला परत देते. ही सोय फारशी कोणाला ठाऊक नसते, पण मला ती फार हुशारीची वाटते. याउलट ‘.एचटीएम’ विस्ताराच्या सर्व फाइली पुसणारी ‘डेल *.एचटीएम’ ही आज्ञा देताना जपावे: आखूड नावही जुळवून पाहिले जात असल्याने आणि त्यात विस्ताराची पहिली तीनच अक्षरे उरत असल्याने ‘.एचटीएमएल’ फाइलीसुद्धा उडतात.

६४-बिट विंडोजवर डॉस प्रोग्रॅम थेट चालतच नाहीत. तेथे डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स-एक्स हा प्रोग्रॅम वापरून डॉसची आवृत्ती ७.१ ठेवल्यास लांब नावांची सोय मिळते, परंतु ती मागण्याची तजवीज ज्यांच्यात मुळात आहे अशाच प्रोग्रॅमना.